पेंबर्टनसाहेबांचं मानपत्र

मानपत्र लिहायचं म्हटलं की आमच्या ह्यांच्या अंगातच येतं. हे म्हणजे डॉक्टर मोरेश्वर, अमेरिकेतल्या विल्मिंग्टनच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. २००६च्या गणपतीत सत्कार होता म्हाताऱ्या पेंबर्टनसाहेबांचा. आमचा गणपती दरवर्षी त्यांच्याच हॉलमध्ये बसतो, तेव्हा शाल, श्रीफळ आणि मानपत्र एवढं तरी हवंच.

त्या सकाळी फ्रेम करून आणलेलं मानपत्र ह्यांनी मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. आपल्याकडे मानपत्रात आजोबा-पणजोबांना ओवाळल्याशिवाय भागत नाही. "आपल्या आजोबांनी १८९८ साली या शहराची विस्कटलेली घडी पुन्हा बसवली..."

"हे कुठून आणलंत?"

"हॉलमध्ये त्या आजोबांच्या फोटोखाली लिहिलंय."

मी कपाळावर हात मारला. उन्हाळाभर पेपरात दुसरं होतं काय? सरकारी चौकशीचा अहवाल आला होता. त्या साली बंदुका घेतलेल्या गोऱ्यांनी निवडून आलेला कारभार उलथवला, काळ्या लोकांचं वर्तमानपत्र जाळलं, माणसं मारली. पेंबर्टनांचे आजोबा त्यात पुढारी होते. आणि माझ्या काळ्या मैत्रिणीचे, अर्नेस्टीनचे पणजोबा बायकामुलांना घेऊन नोव्हेंबरच्या गारठ्यात दलदलीत लपले होते. त्यांचं दुकान त्यांना परत मिळालंच नाही.

अर्नेस्टीन आणि मी एकाच हॉस्पिटलात नर्स होतो. माझी मुलगी अनया झाली तेव्हा माझी आई पुण्यात. बाळंतपणात मला न्हाऊ घातलं ते हिने. माझ्या सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं.

"ते वाक्य काढा," मी म्हटलं.

"इंग्लिश व्हर्जनमधून काढतो. मराठी फ्रेम झालंय गं. आणि त्या अमेरिकन पाहुण्यांत मराठी कळतंय कोणाला?"

"अर्नेस्टीन येणारेय."

"म्हणूनच म्हणतो, तिला थोडंच कळणारेय? रत्ना, पुढच्या वर्षी हॉल हवाय ना आपल्याला? उगाच इश्यू करू नकोस."

मी चिडले, भांडी आदळली. पण मग मोदकांचं सारण परतायला घेतलं आणि गप्प बसले. लाज वाटत होती, तरी गप्प बसले.

संध्याकाळी अर्नेस्टीन पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली. ह्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. ते वाक्य आलं आणि अख्ख्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. आपली माणसं! मानपत्र म्हटलं की अर्थ कोण ऐकतो? पेंबर्टन शाल सावरत उठले आणि वाकले. मी हात मांडीत घट्ट धरून बसले होते. अर्नेस्टीन मात्र मनापासून टाळ्या वाजवत होती. एवढ्या लोकांना आवडलंय म्हणजे काहीतरी छानच असणार, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मला ते बघवेना. मी तिचे दोन्ही हात धरून थांबवले.

"काय झालं? काय म्हणाला तुझा नवरा?"

मी सांगितलं. तिथेच, तिच्या कानाशी लागून, शब्दन् शब्द.

तिने पेंबर्टनांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"तुला आधी माहीत होतं?"

"सकाळपासून."

तिने हात सोडवून घेतले.

"मी टाळ्या वाजवल्या, रत्ना," ती म्हणाली. "तू मला वाजवू दिल्यास."