सीलबंद तक्रारदार

तक्रारीची पोच मिळाली आणि त्याच दुपारी हेमांगी खरपुडेचा चेहरा काढून पाकिटात घालण्यात आला. तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवायची, असा कायदाच होता. चौकशी अधिकारी नाईकनवरे यांनी तो हनुवटीपासून अलगद सोडवला, घडी घातली, वर लाखेचं सील मारलं. जराही दुखलं नाही. चेहरा गेला तरी दिसत होतं, बोलता येत होतं. तेवढी सोय कायद्यानं ठेवली होती.

"आता निर्धास्त राहा बाई," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी कामावरून काढू शकत नाही."

हेमांगी सलाईनच्या कारखान्यात माल तपासायची. चोवीस नंबरच्या मालात तिला बुरशी सापडली, आणि मॅनेजर धायगुड्यांनी तिच्या नापासच्या शेऱ्यावर पासचं हिरवं लेबल डकवलं. शुक्रवारी तो माल दवाखान्यांत जाणार होता, आजाऱ्यांच्या शिरांत. गप्प बसणार तरी कशी?

दुसऱ्या दिवशी हजेरीचं यंत्र म्हणालं, "चेहरा दाखवा." आता कुठून दाखवणार, कपाळ! गैरहजेरी लागली. शेजारच्या टेबलावरची लतिका डबा घेऊन लांब सरकली.

"कोण गं बाई तू?"

"अगं, मी हेमांगी!"

"हळू! ओळख दाखवायची नाही, असं परिपत्रक आलंय."

शुक्रवारी धायगुड्यांनी तिच्या हातात बडतर्फीचं पत्र ठेवलं. तीन दिवस गैरहजर.

"मला काढता येत नाही. मी तक्रारदार आहे!"

"तक्रारदाराच्या केसालाही आम्ही धक्का लावणार नाही," धायगुडे शांतपणे म्हणाले. "पण तुम्हीच तक्रारदार, हे कशावरून?"

असलं उत्तर तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तशीच वरच्या मजल्यावर, चौकशीसाठी तिथं बसलेल्या नाईकनवऱ्यांकडं धावली.

"साहेब, पाकीट फोडा! माल गाडीत भरतायत!"

"तक्रारदार स्वतः आल्याशिवाय फोडता येत नाही."

"अहो, मीच ती!"

"चेहरा जुळायला हवा ना."

"पाकीट आहे तरी कुठं?"

"खाली, नमुन्यांच्या कपाटात. सीलबंद वस्तू तिथंच ठेवायची तुमच्याकडं रीत आहे."

"त्याची किल्ली धायगुड्यांकडं असते!"

"मग? जबाबदार माणूस आहे."

घ्या! कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

तेवढ्यात दार उघडून तक्रारदार आत आली. चेहरा हेमांगीचा, गालावरच्या तिळासकट. कानांपाशी ताणून बसवलेला. अंगात धायगुड्यांचा सफारी होता आणि वरच्या ओठाखालून त्यांची मिशी डोकावत होती.

"या बाई, बसा." नाईकनवरे उठून उभे राहिले. त्यांनी चेहरा फोटोशी जुळवला. जुळला.

"माझी काही तक्रार नाही," ते तोंड म्हणालं. "गैरसमज झाला होता."

"अहो, मिशी दिसतेय त्याची!" हेमांगी किंचाळली.

"तुम्ही मध्ये बोलू नका. तक्रारदाराला त्रास देणं गुन्हा आहे."

सही झाली. खाली फाटक करकरलं आणि भरलेली गाडी रस्त्याला लागली. धायगुडे रुमालानं डोळे पुसू लागले. पुसले की पुन्हा भरायचे, कागदावर टपटपायचे. डोळे हेमांगीचे होते, आणि ते तिच्यावरून हलायला तयार नव्हते.

नाईकनवऱ्यांनी शेरा लिहिला: तक्रारदार समाधानी.