निवांतबाबाचं अळणी व्रत

गुरुवारी खडकमाळावर इतकी माणसं जमत, की वडूजहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर थांब्याचं नावच घेत नसे. "चला, निवांतवाले उतरा!" म्हणे, आणि निम्मी गाडी रिकामी होई.

माळावर पत्र्याचा मांडव, मांडवात स्टीलची टाकी, टाकीत तीर्थ आणि टाकीमागं निवांतबाबा. तीर्थ खारट. का, तर ती बाबांनी भक्तांच्या दुःखापायी ढाळलेली आसवं! रोज टाकीभर रडणाऱ्या या माणसाचे गाल मात्र चांगले गुटगुटीत होते. पण तसं कुणी बोलत नसे.

"तुमच्या दुःखाची मुळी मिठात हाय!" बाबा माइकवरून गर्जला. "मीठ सोडा, दुःख मी वढून घेतो. अकरा आठवडं अळणी! सकाळ-संध्याकाळ दोन पळ्या तीर्थ! आन् मीठ चोरून खाल्लं, तर मला हितनं दिसतंय, बरं का!"

आणि खरंच दिसे. रांगेतल्या पन्नास माणसांतून त्यानं नेमकं बाळासोवर बोट रोखलं.

"काय खाल्लंस?"

"काय न्हाई बाबा, आईशप्पत."

"खरं बोल!"

"सुकट," बाळासो रडकुंडीला आला. "रोज वाइच खातोय. अळणी भाकरी घशाखाली उतरंना वो!"

मांडवभर जयजयकार झाला. शिक्षा म्हणून बाबानं त्याला मठाच्या चुलीवर सेवेला जुंपलं.

बाळासोची भावजय हरणाबाई रांगेत त्याच्या मागंच उभी होती. जयजयकार तिलाही ऐकू आला, पण लांबून. मेंढरं टेकडीपल्याड जावीत आणि घंटांचा आवाज तेवढा वाऱ्यावर यावा, तसा. तिनं ओंजळ पुढं केली, तीर्थ प्याली, बाटली भरून घेतली. गोड नाही, कडू नाही. तिला आता कशाचंच काही वाटत नसे.

दोन वर्षांमागं तिचा रविराज पलटणीच्या ट्रकबरोबर दरीत गेला. त्यानंतर दाणे निवडताना, शेण काढताना ती एकच ओवी म्हणायची आणि रडायची. ओवी तिनंच रचलेली:

माझ्या गं अंगणात, उभी बाभळ काट्याची
रवी बाळाची माझ्या, वाट बघते फाट्याची

तिचं रडणं बघवेना, म्हणून बाळासोनंच तिला माळावर आणली. तिसऱ्या गुरुवारी तिचे डोळे कोरडे झाले. सहाव्या गुरुवारी ओवी थांबली. तोंडावर फोड उठले, तर बाबा म्हणाला, पाप फुटून बाहेर पडतंय. सगळ्यांनी हात जोडले.

नवव्या गुरुवारनंतर रविराजची तिथी आली. लेक क्रांती सांगलीहून आली. तिथं एका दवाखान्यात ती रक्त तपासायच्या कामाला होती. तिनं भावाचा फोटो पुसून पाटावर मांडला. हरणाबाई बराच वेळ फोटोकडं बघत राहिली.

"कुनाचं गं पोरगं ह्ये?" तिची जीभ जड झाली होती. "वळखीचं वाटतंय."

क्रांतीच्या हातातला हार हातातच राहिला.

"वैनीला लय मोठी शांती लाभलीया," बाळासो हळूच म्हणाला.

"काका, शांत माणूस पोराला वळखतंय," क्रांती म्हणाली.

हरणाबाई उठायला गेली. पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे वाकडे पडले आणि ती उंबऱ्यावर कोसळली. गुडघा फुटला. रक्त आलं. ते ती बघत बसली, शेजारणीच्या घरात पाणी सांडावं आणि आपण इथून बघावं, तशी.

सांगलीत क्रांतीनं आईचं रक्त स्वतः मशीनला लावलं. क्लोराइड भलतंच जास्त आलं. मिठात असतं, तेच क्लोराइड. तिनं पुन्हा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. आकडा हटेना.

"मॅडम, माझी आई दोन महिने मीठ खात नाही," तिनं डॉक्टर प्रियदर्शनी शेट्यांना सांगितलं. "मग हे आलं कुठून?"

"मीठ नाही, पण पिते काय?"

क्रांतीनं तीर्थाची बाटली टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तीर्थाच्या तपासणीचा कागद घेऊन डॉक्टर खाटेपाशी आल्या.

"पोटॅशियम ब्रोमाइड. दीडशे वर्षांपूर्वी फिट येणाऱ्यांना, झोप उडालेल्यांना हेच देत. दुसरं फारसं काही हाताशी नव्हतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देत असतात. हे ते निरोप मंद करतं. दुःख बरं होत नाही, त्याचा निरोप पोचत नाही, एवढंच. शिवाय ते अंगात साचत जातं. मग माणूस झोकांड्या खातो, नावं विसरतो, तोंडावर फोड येतात."

"आणि मशीनमधला आकडा?"

"ब्रोमाइड आणि क्लोराइड सख्खी भावंडं. मशीन फसतं, तशी किडनीही फसते. मीठ मिळालं नाही, की ती ब्रोमाइडच धरून ठेवते. मीठ भरपूर मिळालं, की बाहेर टाकते."

क्रांती खुर्चीत बसली. "म्हणून अळणी! आणि म्हणून सुकट खाणारे काका टुणटुणीत!"

हरणाबाईला सलाइन लावलं. तेही मिठाचंच पाणी. चौथ्या दिवशी सुई टोचल्याचं तिला कळलं. सातव्या दिवशी गुडघा ठणकला. नवव्या दिवशी दुपारी मीठ घातलेली पेज पिता पिता ती थांबली.

"क्रांते, आपला रवी न्हाई गं आता."

वाटी खाली गेली. डोळे भरून आले आणि मग थांबेचनात. "कशाला परत आणलंस मला हितं?" ती लेकीच्या दंडाला धरून म्हणाली. "बरी हुती की मी तिकडं." क्रांती आईला धरून बसली.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, मायलेकी माळावर उतरल्या. क्रांतीनं डॉक्टरांचं पत्र जोडून ठाण्यात अर्ज दिला होता. दोन पोलीस बरोबर होते.

तिनं दोन काचनळ्या काढल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत तीर्थ. दोन्हींत क्लोरीनचं पाणी टाकलं. विहिरीचं पाणी होतं तसं राहिलं, तीर्थ नारिंगी-तपकिरी झालं.

"बघा, ब्रोमाइड! जुनं गुंगीचं औषध हाय ह्ये. ज्यानं अळणी पाळलं, त्यो झुलतोय. ज्यानं मीठ खाल्लं, त्याचं डोळं जागं, पाय सरळ. बाबाला तेवढंच दिसतंय!"

"पोरी, आसवं नळीत मापत न्हाईत!" बाबानं माइक ओढला. "ही ऊर्जा हाय! कंपनं हायती! क्वांटम हाय!"

रांग हलली नाही. काचनळीपेक्षा बाबावर विश्वास जुना होता. तेवढ्यात चुलीकडून बाळासो पातेलं घेऊन आला.

"ऊर्जा ऱ्हाऊ द्या. ही बाबांची आमटी, जरा चाखा. मीठ मीच घालतोय. 'सढळ हातानं टाक रं' म्हनतोय रोज!"

पहिल्या म्हातारीनं बोट बुडवून चाटलं. दुसरीनं चाटलं. मग रांग मोडली. पोलिसांनी टाकीला सील ठोकलं. आतल्या खोलीत पांढऱ्या भुकटीची पोती सापडली, आणि बाबा पूर्वी एका जुन्या डॉक्टरकडं कंपाउंडर होता, हेही चौकशीत निघालं.

मांडव रिकामा होत असताना एक बाई हरणाबाईपाशी आली. झोपेतून उठल्यासारखा चेहरा. "आवं, मग आमच्या दुःखाचं काय करायचं?"

"ते मला तरी कुठं ठावं हाय?" हरणाबाई म्हणाली. "पर बाटलीत काय हाय ते इचारत जावा. जो सांगत न्हाई, त्याच्या हातचं पिऊ नगा. झोप येईना, जीव लागंना, तर दवाखान्यात जावा. तिथंबी औषध हाय, पर ते नाव लिवून देत्यात, किती दिस घ्यायचं ते सांगत्यात. आन् ज्येनी ज्येनी तीर्थ घेतलंय, त्येनी उद्याच रक्त तपासून घ्या."

घरी येऊन तिनं सुपात दाणे घेतले. पहिली ओळ सहज आली. दुसरीपाशी ती अडखळली, थांबली, खडे वेचत राहिली. मग तीही आली, फाट्यापर्यंत सबंध. आसू ओठावर उतरलं. खारट लागलं. हरणाबाईनं ते पुसलं नाही.