टाचांखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी, उतरती फळी आहे. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. मला दिसत नाही. माझ्यावर जे ठेवतात त्याचं वजन कळतं, आणि लाकडातून पोचेल तेवढं ऐकू येतं; बाकीचं घरातल्यांच्या बोलण्यावरून जुळवलेलं आहे. तेव्हा माझ्या सांगण्यात कुठे कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. मला नीट सांगता येईल की नाही, याची माझी मलाच खात्री नाही.

पूर्वी मी पुस्तकांच्या कपाटातली सर्वांत खालची फळी होते. शब्दकोश आणि नकाशांची जाड पुस्तकं माझ्यावर असायची. त्यांत काय लिहिलं होतं ते मला कधी कळलं नाही. मी नुसती पेलत राहिले. मग घरातल्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग लावायचा म्हणून कपाट मोडलं, आणि मी भिंतीकडेला उभी राहिले.

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. झटक्यानंतर त्यांचे दोन्ही पाय आणि एक हात लुळा पडला. जीभ जड झाली, पण थट्टेची खोड काही गेली नाही.

"जन्मभर मी उचललं," ते आईला म्हणायचे, "आणि माझी पाळी आली तेव्हा मिळाली कोणती क्रेन? तर खिडकीच्या कडीला हात न पुरणारी."

"गप्प बसा हो. हसायला लागले की हात सुटतात माझे."

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सुचवलं होतं की यांना आजारी माणसं सांभाळणाऱ्या एखाद्या संस्थेत ठेवा. घरी आल्यावर बाबांनी चालत्या हाताने आईचं मनगट धरलं. "मला तिकडे पाठवू नकोस," एवढंच म्हणाले. ते वाक्य त्यांनी थट्टेत म्हटलं नव्हतं. आई म्हणाली, "मला उचलता येतंय तोवर तुम्ही इथेच." त्या घरातलं सगळं पुढे या एका वाक्यावर उभं राहिलं.

पण आईला उचलता येत नव्हतं. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढंच काम. तरी ती कंबरेतून वाकायची, आणि रात्री कंबर धरून बसायची. तेव्हा थोरल्या मुलाने व्यायाम शिकवणाऱ्या एका ताईंना बोलावलं. थोरला शेजारच्याच गल्लीत राहायचा आणि कामावरून सुटला की रोज यायचा.

ताईंनी आधी आईला नुसत्या बैठका मारायला लावल्या. आई खाली जायला लागली की तिच्या टाचा उचलल्या जायच्या.

"घोटा कधी मोडला होता का तुमचा?"

"लग्नाआधी. जिन्यावरून पडले होते."

"तो आखडलाय. घोटा वाकत नाही म्हणून टाच उठते, टाच उठली की तोल पुढे जातो, आणि मग सगळा भार कंबरेवर येतो. टाचेखाली काहीतरी उतरतं द्या. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, चवडे जरासे बाहेर, गुडघे चवड्यांच्या दिशेने. मग पाठ सरळ ठेवून खाली जाता येईल."

थोरल्याने मला उचललं, मापाने कापलं, रंध्याने एका बाजूला उतार दिला. तासताना फार दुखलं, पण माझा उपयोग होणार होता. आई माझ्यावर उभी राहिली आणि खाली बसली. तिच्या टाचा माझ्या जाड कडेवर पूर्ण टेकल्या. ते वजन मी ओळखते. माणूस घट्ट उभं असलं की टाचा जड लागतात.

"आता लक्षात ठेवा," ताई म्हणाल्या. "ही फळी तात्पुरती आहे. घोट्याचा व्यायाम सोडू नका. आणि फळी असो की नसो, एकट्याने उचलायचं नाही. दुसऱ्या बाजूला माणूस हवाच."

सुरुवातीला थोरला दुसरी बाजू धरायचा. बाबांच्या कमरेला रुंद पट्टा बांधलेला असे. दोघं मिळून तो धरायचे आणि बाबा बंदरावरच्यासारखे हुकूम सोडायचे. "घ्या. हळू. वर. फिरवा. टेकवा." खुर्चीत बसले की म्हणायचे, "माल फुटला नाही. आजची मजुरी मंजूर."

मी लादीवर सरकायचे म्हणून थोरल्याने मला पलंगाशेजारी स्क्रूने पक्कं केलं. आईची पावलं माझ्यावर पेन्सिलीने आखली, मग रंगाने गिरवली. "आई, दुसरं काही बघू नकोस. पावलं या खुणांवर आली की झालं." आईला ते फार आवडलं. उचलण्याआधी ती खाली बघायची, पावलं जुळवायची आणि मग पट्ट्याला हात घालायची.

मित्रांनो, आई चांगली शिकली. इतकी चांगली, की एकदा थोरल्याला उशीर झाला तेव्हा तिने बाबांना एकटीने उठवलं. तो आला तर बाबा खुर्चीत बसलेले.

"कुणी बसवलं?"

"कोणी म्हणजे? क्रेनने," बाबा म्हणाले.

थोरल्याला कोण आनंद झाला. त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. मावशी बघायला आली, आत्या आली, मधले काही दिवस शेजारीपाजारीही येऊन बघून गेले. आई माझ्यावर उभी राहायची, खाली जायची, बाबांना घेऊन वर यायची, आणि खोलीत टाळ्या पडायच्या. "आम्हाला नसतं बाई जमलं," आत्या म्हणाली. थोरला मला पायाने हलकेच ठोकून म्हणाला, "सगळी या फळीची कमाल." माझं एवढं कौतुक कपाटात असताना कधी झालं नव्हतं.

त्यानंतर दुसऱ्या बाजूला कोणी उभं राहिलं नाही. कोणी वाईट नव्हतं. आईला जमत होतं, एवढंच. थोरला रोजऐवजी आठवड्यातून एकदा यायला लागला. ताईंना पुन्हा बोलवायचं राहून गेलं. घोट्याचा व्यायामही राहून गेला, कारण मी होतेच. आईने एकदा फोनवर म्हटलं, "आज जरा येतोस का? खांदा दुखतोय." पलीकडून तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "नाही नाही, जमेल. जमतं मला."

एका रविवारी आई भाजी आणायला गेली असताना थोरला आला. बाबा म्हणाले, "सारखी भिंतच बघतोय रे. खिडकीतून रस्ता दिसेल असं काही कर." थोरल्याने बाबा वर असतानाच पलंग ओढून खिडकीकडे सरकवला. फार नाही, वीतभर. बाबा खूश झाले. येणाऱ्याजाणाऱ्या माणसांना नावं ठेवत बसले. मी लादीला स्क्रूने जखडलेली होते. मी होते तिथेच राहिले.

आई आली. "आता कसं, बंदरावर बसल्यासारखं वाटतंय," बाबांनी सांगितलं. आई हसली. थोरला निघून गेला होता. संध्याकाळी तिने बाबांना पलंगाच्या कडेला बसवलं, पट्टा बांधला, खाली पाहिलं आणि पावलं खुणांवर ठेवली. चवडे बाहेर, टाचा माझ्यावर. सगळं शिकवल्यासारखं होतं. फक्त बाबा वीतभर लांब होते.

"घे. हळू," बाबा म्हणाले.

आई पुढे झुकली. तिचं वजन चवड्यांकडे गेलं आणि टाचा माझ्यावरून हलक्या झाल्या. कितीतरी महिन्यांत तसं झालं नव्हतं. मला ते तिच्याआधी कळलं, मित्रांनो. पण फळीला तोंड नसतं.

"वर," बाबा म्हणाले.

टाचा उठल्या. नंतर दोघांचं वजन लादीवर पडलेलं मला ऐकू आलं. मग बाबा म्हणाले, "अगं, तू आहेस ना?" आई म्हणाली, "आहे. मला उठता येत नाहीये." शेजाऱ्यांना त्यांच्या हाका ऐकू यायला फार उशीर लागला.

आईचा मणका मोडला होता. पाठीला पट्टा आला, आणि यापुढे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांना संस्थेत न्यायला माणसं आली तेव्हा बाबा थट्टा करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी केली नाही. आई नुसती म्हणत राहिली, "माझा पाय चुकला नाही हो. मी खुणांवरच होते." थोरला दाराशी उभा होता. त्याला पलंगाचं कळलं होतं.

आठवड्याने बाबांचा फोन आला. आईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. बाबांचा आवाज आणखी जड झाला होता.

"इथे मला दोघं जण उचलतात," ते म्हणाले. "एक इकडून, एक तिकडून. दोघांना काहीच कठीण जात नाही."

थोरला उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने माझे स्क्रू काढले आणि मला गच्चीत ठेवलं. ऊन-पाणी खाऊन आता मी फुगले आहे. खुणांचा रंगही उडाला असेल.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या फळ्या पुष्कळ मिळतात. पण तुमच्या घरात एखादं माणूस एखादं जड काम एकट्याने फार छान करत असेल, तर टाळ्या वाजवून परत जाऊ नका. त्याच्या टाचांकडे बघा. त्याला काही विचारू नका, कारण विचारलंत तर ते म्हणेल, "जमतं मला." तुम्ही सरळ दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहा आणि हात लावा.