चूलबंद बोलावणं

वड्यांचं पीठ मळता मळता जयमालाने चौथ्यांदा 'ऑर्डर्व्ह' म्हणून पाहिलं आणि हात थांबवला.

"वड्याला वडा बोललं तर कोनाचं काय बिघडतंय?"

"आई, जेवणाआधीच्या चटपटीत खाण्याला म्हणतात, फ्रेंच शब्द आहे तो. इंग्रजीत असे चार शब्द सहज आले, की समोरचा आपल्याला हलक्यात घेत नाही," भाविका म्हणाली. ती घणसोलीत इंग्रजी संभाषणाचा क्लास घेते. आई तिची सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी.

तळवलीत लग्नाची हळद म्हटली की जेवण जयमालाचंच. पण लग्नसराई संपली की हाताखालच्या सहा बायका घरी बसतात. महाप्याच्या कंपनीने वर्धापनदिनाच्या जेवणाचं कंत्राट दिलं, तर पावसाळ्यातही त्यांच्या हाताला काम राहणार होतं. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी दोघी कंपनीत गेल्या, तर कार्यक्रमाचं बघणारा केयूर इंग्रजीतच बोलायला लागला. जयमालानेही पाठ केलेलं धडाधड सुरू केलं. आँत्रप्रनर झालं, क्विझीन झालं, आणि वड्यांपाशी येऊन गाडी रुतली. शब्द काही केल्या आठवेना. शेजारी बसलेल्या भाविकाने मान खाली घातली.

केयूरने सांभाळून घेतलं. दोनशे माणसं आहेत, जमेल का, एवढंच विचारलं. हा प्रश्न जयमालाच्या रोजच्या कामातला. ती सावरून बसली.

"टू हंड्रेड पीपल, ऑर टू हंड्रेड हाऊस?"

केयूरला काही कळेना.

"इन अवर व्हिलेज, चूलबंद बोलावणं. फुल फॅमिली कम. दॅट डे, नो कुकिंग इन एनी हाऊस. ओल्ड मदर आल्सो कम. सो फर्स्ट आय आस्क हाऊस, देन मेन्यू. अँड बुफे, सर, आय डोन्ट लाइक. हू विल आग्रह? बट यू वाँट बुफे, आय गिव्ह बुफे. माय लेडीज विल स्टँड अँड आग्रह."

भाविका आईकडे बघतच राहिली. मेन्यू काय, बुफे काय, फ्रेंचमधून आलेले शब्द आई भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तशी टाकत होती. वीस वर्षं हळदीच्या मांडवात ती हेच शब्द बोलत आली होती. त्यातला एकही भाविकाने शिकवलेला नव्हता. भाविकाला जरा लाज वाटली, आणि आईचा अभिमान त्याहून कितीतरी जास्त.

केयूरने पेन खाली ठेवलं आणि तो मराठीत म्हणाला,

"सहा वर्षं हा कार्यक्रम करतोय. घरच्यांना बोलवावं असं कधी सुचलंच नाही. माझी आई करंजाड्याला घरी दिवसभर एकटी असते. एकटीसाठी काय करायचं म्हणून दुपारी चहा-बिस्किटावर भागवते."

"त्यांना मी स्वतः वाढीन," जयमाला म्हणाली. "तुमी फक्त घेऊन या."

"काम तुमच्याकडेच, मावशी," केयूर म्हणाला. "फक्त घरं किती होतात, ते मला उद्यापर्यंत विचारून घेऊ द्या."