हिंगुळाची धुरी

शीशानच्या हातातून पेजेचा वाडगा पुन्हा निसटला. त्याच्या बायकोने, छाईयूनने, जमीन पुसली.

शीशानच्या ह्याच हातांना डोंगरातला हिंगूळ पहिल्यांदा सापडला होता. कपारीशी झुडपं जाळताना खडक तडकला, आत लालभडक शीर दिसली आणि फटीतून पाऱ्याचे चांदीसारखे थेंब ओघळले. तेव्हापासून गावात रीत पडली : नवा बोगदा फोडायचा तर पहिली आग शीशानने लावायची. खडक तापवायचा, त्यावर पाणी फेकायचं, तडकला की हिंगूळ खणायचा. आता त्याच्याच्याने चकमकही झडत नव्हती. दात हलत होते, हनुवटीवर लाळ यायची.

खाणीतला त्याचा जोडीदार दाहे दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, दादाला पाठव. नव्या बोगद्याचं तोंड अडलंय."

"चमचा धरवत नाही त्याला. आग कसली लावतोय!"

"आम्ही हात धरू त्याचा. आग त्याची लागली म्हणजे झालं."

"आणि मेला की? तेव्हाही हात धरून चालवत न्याल?"

दाहे खाली मान घालून निघून गेला.

गावचे देवऋषी पेंगबाबा आले, त्यांनी शीशानच्या पापण्या उचलून पाहिल्या. "पोरी, ह्यानं डोंगराचं पोट फाडलं. डोंगरानं ह्याचा जीव ठेवून घेतलाय. हिंगुळाची धुरी दे, जीव वाट ओळखून परत येईल. धूर मात्र बाहेर जाऊ देऊ नकोस."

तान्ह्या पोराच्या कपाळी हिंगूळ, दाराच्या चौकटीला हिंगूळ, मेलेल्याच्या छातीवर हिंगूळ. त्याच्यावर शंका घ्यायची छाईयूनवर कधी वेळच आली नव्हती. तिने पहिल्या शिरेतला, जपून ठेवलेला खडा काढला. शीशानने कोणालाच विकला नव्हता तो. कुटून तिने चिमूटभर शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकला, वर भोकांचं झाकण ठेवलं, रजई दोघांच्या डोक्यावरून ओढली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"छाईयून, हा तर खाणीतला वास."

"असणारच. जीव तिथूनच यायचाय ना."

"घसा जळतोय गं. बाहेर काढ मला."

"जरा सोस. वास तोच आहे म्हणजे वाट बरोबर आहे."

तो खोकत हसला. "तुझा बाप म्हणाला होता, पोरगी हट्टी आहे, बघ बाबा."

"आणि तू म्हणालास, मी तिच्यावर ताण."

खडा संपेपर्यंत ती रोज धुरी देत राहिली. ज्या सकाळी तो संपला, त्याच दुपारी शीशान गेला.

त्याच्या छातीवर ठेवायला दाहेने खाणीतून ताजा हिंगूळ आणला. माती देऊन माणसं परतली, तेव्हा छाईयून शेगडी साफ करायला बसली. झाकण उलटं केलं तर आतल्या बाजूला बारीक चंदेरी थेंब बसले होते. ती बघतच राहिली. जीव आला होता तर. इथवर आला होता, झाकणापर्यंत. थेंब वाटीत गोळा करावेत म्हणून तिने बोट लावलं. ते फुटून इकडेतिकडे पळाले. वाटी झाकणावर खडखडत होती. ती थांबवायला तिने दुसरा हात लावला, तर तोही कापत होता.

दाहे उंबऱ्याबाहेरच घुटमळला. बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"वहिनी, नवं तोंड अजून अडलेलंच आहे. लोक म्हणतात, दादा नाही तर आग त्याच्या घरच्यानं लावावी."

छाईयूनने कापणारे हात त्याच्यासमोर धरले.

"असू दे," दाहे म्हणाला. "आम्ही हात धरू."