मोकळीक

प्रेमाला ना देश असतो, ना भाषा, ना सीमा, असं लिफ्टच्या मेकॅनिकने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं. वाक्य त्याने आठवडाभर घोटून गुळगुळीत केलं होतं. आत्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कानाला ग्रीस लागलंय. आधी पूस."

आईवडिलांच्या माघारी आत्यानेच त्याला वाढवलेलं. त्याने कान पुसला आणि उरलेलं सांगून टाकलं. मुलगी दातांची डॉक्टर आहे, इथल्या इस्पितळात करारावर आली आहे, आणि परदेशी आहे.

"मग जपून हं," आत्या म्हणाली. शेजारीणबाई लेकीकडे परदेशात महिनाभर राहून आल्या होत्या आणि आत्या त्यांच्याशी रोज गॅलरीतून बोलायची, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा होता. "त्या लोकांना मोकळीक लागते. खोदून विचारायचं नाही, मागे लागायचं नाही. लग्नाचं काय ते त्यांच्यात मुलगीच बोलते."

मेकॅनिकने खूणगाठ बांधली.

डॉक्टर त्याला अडकलेल्या लिफ्टमध्ये सापडली होती. अडकलेली माणसं घंटा बडवतात, देवाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला हाका मारतात. ही खाली फतकल मारून संत्रं सोलत होती. वरून दार उघडल्यावर तिने आधी एक फोड त्याच्यापुढे केली, मग इस्पितळात शिकलेल्या मराठीत विचारलं, "मोटार बिघडली?"

"मोटार सहसा बिघडत नाही. दार नीट लागत नाही, म्हणून सगळं अडतं."

"दातांचंही तसंच," ती म्हणाली. दातांचं त्यात काय तसंच, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. पण प्रेमात पडायला तेवढं पुरलं.

पहिल्यांदा भेटायचं ठरलं तेव्हा, परदेशी माणसं घड्याळाच्या काट्यावर चालतात म्हणून हा वेळेआधीच जाऊन खांबासारखा उभा राहिला. इथली माणसं उशिरा येतात म्हणून ती मुद्दाम उशिरा आली. पुढच्या वेळी तिला अवघडायला नको म्हणून हा उशिरा गेला, आणि ती वेळेवर येऊन थंड कॉफीसमोर बसलेली. दोघांनीही एकमेकांना इतकं सांभाळून घेतलं की एका वेळी एका ठिकाणी दोघं फारशी सापडलीच नाहीत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. मग तिचे वडील गेले.

ती घाईघाईने गावी गेली आणि परतली ती सुकून. मेकॅनिकच्या जिभेवर सगळे प्रश्न रांग लावून उभे होते. काय झालं, तू पोचलीस का वेळेत, शेवटचं काही बोलले का. पण खोदून विचारायचं नाही. ती बाकावर त्याच्या शेजारी बसली होती, आणि त्याने बराच विचार करून विचारलं, "विमानात जेवण बरं असतं का?"

"बरं असतं," ती म्हणाली.

आपण परीक्षेत पास झालो, असं वाटून तो घरी आला.

त्यानंतर एकदा ती म्हणाली, "करार संपतोय. वाढवायचा का, ते शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

राहा, एवढं म्हणायचं होतं. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." इतकं मोकळं वाक्य त्याच्या खानदानात कुणी उच्चारलेलं नव्हतं. त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

ती मग म्हणाली, "शुक्रवारच्या आधी आत्यांना भेटू का?"

ती आली ती इस्त्रीच्या कपड्यांत, केस नीट बांधून. जेवताना आत्याने पाण्याचा पेला उचलला तरी ती सावरून बसायची. आत्याही घास हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहायची. मेकॅनिक दोघींना मोकळीक देत वाढत होता. शेवटी न राहवून आत्या म्हणाली, "तू आलीच आहेस तर माझी ही दाढ बघ गं."

मेकॅनिकने कामाची बॅटरी धरली. डॉक्टरने दाढ पाहिली. काढावी लागेल म्हणाली. मग हात धुऊन थोडा वेळ उगाच उभी राहिली आणि गेली.

"काही बोलली नाही रे," आत्या गालावर हात ठेवून म्हणाली. "तिच्या मनात नसेल."

शुक्रवार आला आणि गेला.

ती निघायच्या दिवशी तो तिच्या मजल्यावर पोचला. घर रिकामं झालं होतं. भिंतीवर फक्त कॅलेंडरचा खिळा राहिला होता.

"मी त्या दिवशी वाट बघत होते," ती म्हणाली. "आत्या विचारतील म्हणून. इस्पितळातली नर्स म्हणाली होती, इथे घरचं मोठं माणूस विचारतं, मुलीने आधी तोंड उघडायचं नसतं."

"आत्या तुझी वाट बघत होती. तुमच्यात मुलगीच बोलते म्हणे."

"कोण म्हणतं?"

"शेजारीणबाई."

ती हसली नाही. "आणि तू?"

"मी मोकळीक देत होतो."

"वडील गेले तेव्हाही?"

"तेव्हा जरा जास्तच दिली."

"तू एक शब्द विचारला असतास, तर मी रात्रभर बोलले असते," ती म्हणाली. "मला वाटलं, इथल्या पुरुषांना बायकांचं रडणं आवडत नाही. म्हणून मीही गप्प."

"आता करार..."

"माझ्या जागी दुसरी डॉक्टर आली. हे घरही तिलाच दिलंय. संध्याकाळी येईल."

तिकडे तिची आई आता एकटी होती. तेही त्याने कधी विचारलं नव्हतं, आज कळलं. आता राहा म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तरी म्हणायचं होतं. लिफ्ट वर येऊन थांबली, दार उघडलं. मेकॅनिकने छाती भरून श्वास घेतला.

"प्रेमाला ना देश असतो," तो म्हणाला, "ना भाषा..."

"दार जरा धरून ठेवतोस?" ती म्हणाली. "मोठी बॅग आतच राहिली."