इरम्माचं तळं

बहात्तरच्या दुष्काळात अणदूरच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं आणि गजराबाईपुढं पेच पडला. नवरा बैलं घेऊन छावणीवर गेलेला. कामावर गेल्याशिवाय चूल पेटणार नव्हती आणि घरात सासू, इरम्मा. म्हातारीला आताशा काही आठवत नव्हतं. मराठी विसरून ती लहानपणच्या कानडीत बोलायची आणि दार उघडं दिसलं की धुणं घेऊन माहेरच्या तळ्यावर निघायची.

गजराबाईनं बाहेरून कडी लावून पाहिलं. संध्याकाळी आली तर दार खरवडून म्हातारीची बोटं सोललेली.

बुद्धवाड्यातली मथुराबाई तिच्या जोडीनं मातीच्या पाट्या वाहायची. ऐकून ती म्हणाली, "कोंडू नको. जाऊ दे तिला. आमी घरोघर सांगून ठेवताव."

"काय सांगणार?"

"तळं न्हाय असं कुणी म्हणायचं न्हाय. सावलीत बसवायचं, पाणी पाजायचं, फुडच्या घरी पोचवायचं."

तसंच झालं. गिरणीवाला बंडप्पा कानडीत म्हणायचा, तळं जवळच आलंय, जरा टेका. शेजारची मालनबाई तिचे केस विंचरायची. मथुराबाईच्या घरचं पाणी इरम्मानं जन्मात घेतलं नव्हतं. आता तिथं ती तांब्याभर पिऊन सुखानं डुलकी काढायची.

एका दुपारी वावटळ उठली आणि त्या धुरळ्यात इरम्मा सगळ्यांच्या नजरेतून निसटली. गजराबाईनं मान वर केली तर तलावाच्या भरावावरून म्हातारी खाली येत होती, काखेत धुणं. कोरड्या तळात बसून ती दगडावर लुगडं आपटू लागली. कामं थांबली. मुकादम महारुद्रनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

"आत्याबाई, घरी चला."

इरम्मा हसली. "पाणी लई गार हाय, अक्का. ये," ती कानडीत म्हणाली.

गजराबाई बसली. लुगड्याचं दुसरं टोक धरून तिनं पीळ दिला. मथुराबाई आली, मग बाकीच्या बायका. उन्हात तरंगणारी धूळ त्यांच्याभोवती लाटांसारखी हलत होती. क्षणभर गजराबाईच्या घोट्यांना गारवा लागला.

दुसऱ्या दिवसापासून महारुद्रनं इरम्माला बाभळीखाली, तान्ह्या पोरांच्या झोळ्यांपाशी बसवलं. झोका देत ती कानडीत गुणगुणायची, पोरं गाढ झोपायची.

सुनेला ती शेवटपर्यंत अक्काच, थोरली बहीणच, म्हणाली. आधी गजराबाईच्या जिवाला ते लागायचं. पुढं ती ओ द्यायला लागली.